एलेनाने घेतलेली निवडणूक

एलेना आज सकाळी गेली.

खाली कॉमेंटमध्ये 'शांतपणे गेली' असं कोणी लिहू नका. शांतपणे तिने आयुष्यात काही केलं नाही.

इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरमध्ये ती आमची शेजारीण.
त्याआधी चिलीत, तिच्या जिल्ह्यातून संसदेवर निवडून गेलेली पहिली बाई.

लष्कराने सत्ता बळकावली, संसदेला टाळं ठोकलं. ही भर चौकात उभी राहून बेपत्ता माणसांची नावं मोठ्याने वाचायची. त्यात तिच्या नवऱ्याचंही असायचं.
तुरुंग झाला. मग हद्दपारी.

लोकशाही परत आली तरी मुलीसाठी ती इथेच राहिली. पण मत द्यायला दर वेळी चिलीला जायची. संसदेसाठी बाहेरून मत देता येत नाही.

मागच्या वर्षी मी तिच्याकडे पेढे घेऊन गेले. "आमच्या मराठी मंडळाची प्रेसिडेंट झाले. बिनविरोध!"

"तुझ्याविरुद्ध कोणीच नाही? का? घाबरतात तुला?"

"छे! आमच्यात पद्धतच आहे तशी. दोन सीनियर काका फोनवर ठरवतात. उगीच वाईटपणा नको."

तिने पेढा खाली ठेवला.
"आमच्याकडे जनरल एकच होता. तुमच्याकडे दोन?"

मला राग आला. आठवडाभर तिच्याकडे फिरकले नाही.

या वर्षी तिचा जुना कॅन्सर पसरला. चिलीतल्या संसदेच्या मतदानासाठी काढलेलं तिकीट डॉक्टरांनी कॅन्सल करायला लावलं.
त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

मी मंडळात सांगून टाकलं. यंदा गुप्त मतदान होणार. निवडणूक अधिकारी एलेना.

त्या दोन काकांपैकी जोशीकाका खवळले. "अगं, एवढंसं आपलं मंडळ! माणसं तुटतील."

"बघू किती तुटतात ते."

माझ्याविरुद्ध नागपूरची वैशाली उभी राहिली. नवीनच आलेली, आयटीवाली.

शाळेच्या कॅफेटेरियात, व्हीलचेअरवर बसून एलेनाने मतदान घेतलं. रिकामा खोका आधी सगळ्यांना उलटा करून दाखवला.
नवरा-बायकोला एकत्र पडद्यामागे जाऊ दिलं नाही.

जोशीकाका काकूंच्या मागोमाग निघाले. "मी हिला फक्त दाखवतो, कुठे खूण करायची ते."

"मिस्टर जोशी, बाहेर थांबा. त्यांना दिसतं."

काकूंनी आत चांगला वेळ घेतला. बाहेर आल्या त्या हसतच.

मी हरले.

निकाल बसून वाचायला एलेना तयार नव्हती. एका बाजूने वैशालीने धरलं, एका बाजूने मी. अंगात काही उरलं नव्हतं तिच्या. आवाज मात्र मागच्या भिंतीपर्यंत पोचला.

तिला घरी सोडताना गाडीत मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

ती म्हणाली, "तू हरलीस आणि आता घरी जाऊन जेवणार आहेस. एवढ्यासाठीच लढलो आम्ही."

त्यानंतर ती बिछान्यातून उठली नाही.

तिकडे मतदान झालं, ते तिने मुलीच्या लॅपटॉपवर पाहिलं. शेवटचं मत राहिलंच तिचं. याचं दुःख मला कायम राहील.

शनिवारी तिला निरोप द्यायला वैशाली आणि मी एकत्र जातोय.

एलेना, ये आता. तुला माझा वाकून नमस्कार.