दाव्याची जागा

फ्लॅटच्या कर्जासाठी जुने कागद शोधताना ट्रंकेत बैलाचं दावं हाती लागलं, अजून गोठ्याचा वास येणारं. मी लहान होतो तेव्हाची गोष्ट, स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. पंचेचाळिशीतल्या बाबांनी गोंदियात दोन खोल्या घेतल्या आणि त्यासाठी जवळच्याच गोरेगावच्या बाजारात बैलजोडी विकली. आमच्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं देत नाहीत, गोठ्याची लक्ष्मी जाते म्हणतात. तेच दावं घेऊन बाबा ओल्या चुन्याच्या वासात या खोलीतून त्या खोलीत जात होते. बाहेर रेल्वेच्या यार्डात इंजिनं डबे ढकलत होती. आई म्हणाली, "कायले फिरून राहिले जी? बसा ना." बाबा म्हणाले, "खुटा कुठं हाये इथं?" आता नव्या फ्लॅटच्या नकाशावर मीही मघापासून बोट फिरवतोय, खुटा कुठं ठोकता येईल ते बघत.