आईने खुडलेला चहा

चहाची नवी पुडी फोडली की तो कोरडा, तुरट वास येतो आणि मला तमिळनाडूतल्या कुन्नूरचा चहाचा मळा आठवतो.

विदर्भातल्या आमच्या महागावहून बाबांच्या जीपने दोन दिवसांचा प्रवास करून आम्ही तिथे पोचलो होतो. डोंगरभर विंचरून ठेवल्यासारखी हिरवी झुडपं होती. आम्ही भावंडं फोटोसाठी धावलो, पण आई पानं तोडणाऱ्या बायांजवळ जाऊन उभी राहिली. कापूस वेचण्यात आमच्या गावात तिचा हात कोणी धरू शकत नसे. तिने पदराची ओटी खोवली आणि दोन्ही हातांनी भराभर सुरुवात केली. कापसातल्या सवयीने कोवळं तेवढं सोडलं आणि खालची जून पानं तोडली.

बाया हसत सुटल्या. मी शरमेने जीपमागे लपले. एका म्हातारीने मात्र शेंड्याची पानं खुडून आईच्या तळहातावर ठेवली.

"अवो, कोवळं कायले तोडता? वाढू द्या ना त्याले!" आई म्हणाली.

म्हातारीला अक्षरही कळलं नाही. तिने पुन्हा खुडून दाखवलं. मग आई तिच्या शेजारी शेंडे खुडू लागली, आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी.

बाबांनी हॉर्न वाजवला. जीपमध्ये बसता बसता ती म्हणाली, "अजून एक दिवस भेटला असता, त मी तिच्या बरोबरीनं खुडलं असतं."

तेव्हा आम्ही सगळे हसलो. आज वाटतं, तिने ते करूनच दाखवलं असतं. आम्हीच थांबलो नाही.