गोदामाची खुर्ची

कुकर बनवणाऱ्या एका कंपनीत गोदामासाठी माल मागवायचं काम माझ्याकडे होतं. एका दिवाळीआधी चिकपेटच्या बाजारातल्या दुकानदारांनी मागणी वाढवली, तशी मीही वाढवली. सण सरला आणि गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही. भर मीटिंगमध्ये साहेब मला मराठीत म्हणाले, "बाई, घरी चार माणसांना भात किती लावायचा, हे तरी कळतं का तुम्हाला?" मराठी न कळणाऱ्या बाकीच्यांनाही हसता यावं म्हणून त्यांनी लगेच त्याचं हिंदी करून सांगितलं. पाठोपाठ माझी नोकरी गेली.

आता मी कोरमंगलात कंपन्यांच्या लोकांना मालाची साखळी शिकवते, संगणकावरच्या एका खेळातून. दुकान, घाऊक व्यापारी, गोदाम, कारखाना अशा खुर्च्या असतात. दुकानाने व्यापाऱ्याकडून, व्यापाऱ्याने गोदामाकडून, असा प्रत्येकाने मागच्या खुर्चीकडून माल मागवायचा. आपसात बोलायचं नाही, आणि माल उशिराच येतो. मध्यंतरी एका तुकडीत तेच साहेब शिकायला आले. मी मराठी आहे एवढंच त्यांना कळलं. ज्यांना घरी बसवलं त्यांचे चेहरे ते कशाला लक्षात ठेवतील? मी गोड हसून त्यांना गोदामाच्या खुर्चीत बसवलं. त्या दिवशी मला शिकवण्यात काडीचा रस नव्हता. मला सूड हवा होता.

माल येईना, तसे साहेब मागवत सुटले. मग सगळा एकदम येऊन आदळला, आणि घाऊक व्यापारी झालेल्या शेजारच्या मुलीवर ते डाफरले, "तूच वेड्यासारखं मागवलंस!"

"सर, बोलायचं नाही," मी म्हटलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

खेळ संपला की गिऱ्हाइकांनी किती माल घेतला असेल, त्याची रेघ प्रत्येकाने अंदाजाने काढायची असते. साहेबांनी अख्खा घाट काढला. मी खरी रेघ दाखवली. सुरुवातीला लहानशी पायरी, पुढे शेवटपर्यंत सपाट.

साहेब ओशाळले, पण सावरून मला मराठीत म्हणाले, "मॅडम, या खुर्चीत कुणीही बसलं असतं तरी हेच झालं असतं."

"जरा मोठ्यांदा म्हणा, सगळ्यांना समजेल असं."

हाही धड्याचाच भाग समजून त्यांनी ते खणखणीत आवाजात, हिंदीत म्हटलं.

"मग घरी चार माणसांना भात किती लावता, सर?" मी मराठीत विचारलं.

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. आता ओळख पटली होती. बाकीचे काही न कळून आमच्याकडे बघत होते, म्हणून मी लगेच त्याचं हिंदी करून सांगितलं.