हबीब मिस्त्रीची शहरबस

शहरबसचा ठेका आपण तोंडाच्या खाजेपायी घेतला, हे हबीब मिस्त्री स्वतःच सांगत असे. कुणी विचारो न विचारो.

दोन हजार पाच-सहाचे दिवस. कापसाचा भाव पडला तसे पांढरकवडा रोडवरच्या त्याच्या गॅरेजात ट्रॅक्टर येणं बंद झालं. हातांना काम नसलं की हबीबच्या जिभेला काम लागायचं. नगरपालिकेच्या दोन बसगाड्या पाण्याच्या टाकीमागं गवतात उभ्या होत्या. पालिकेला त्या झेपेनात म्हणून ठेक्यानं द्यायचं ठरलं, तर घेणारा कुणी मिळेना. चहाच्या टपरीवर हबीब मोठ्यानं म्हणाला, “एवढ्या मोठ्या गावात दोन गाड्या चालवणारा माणूस नाही? मले द्या, चालवून दाखवतो!”

नगरसेवक वामनराव बाजूलाच चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि हबीबचा हात धरून त्याला थेट पालिकेत नेलं. टेंडर भरणारा तो एकटाच निघाला. एकट्यानं पळून पहिला नंबर आला, तरी हबीबनं पेढे वाटले.

“पेढे कायचे?” घरी बायकोनं, जमिलानं विचारलं.

“बस भेटली.”

“मी वीस वर्षं म्हणून राह्यले, बस करा. तुम्ही असं ऐकलं का?”

एका गाडीचे भाग दुसरीला लावून हबीबनं एक तरी चालती केली. तेवढं त्याला येत होतं. त्यानंतर लागणारं काहीच येत नव्हतं. मालक म्हणून त्यानं राखी रंगाचा सफारी शिवला आणि कंडक्टरचा पगार वाचवायला स्वतःच तिकिटं फाडायला उभा राहिला. पण कुणाचा ट्रॅक्टर त्यानं दुरुस्त केलेला, कुणी त्याच्या निकाहात जेवून गेलेला. अशांना तिकीट कसं मागणार? अनोळखी चढला, तर दुसऱ्या थांब्यापर्यंत हबीबच त्याच्याशी ओळख काढून बसे. रिक्षा परवडेना म्हणून लोक बसला लोंबकळत होते, आणि तरी डिझेल भरताना हबीबला घाम फुटत होता.

बिजलीबाई तांड्यावरची. यंदा कापसावर भरवसा नको म्हणून तिनं पाटाकाठी मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावला होता आणि टोपली घेऊन रोज पहिल्या फेरीला चढायची. एके दिवशी इस्त्रीच्या कपड्यातला एक माणूस हबीबला “पास आहे” म्हणून खिडकीबाहेर पाहू लागला. हबीब पुढं सरकला. बिजलीबाई सरकली नाही.

“दाखव ना पास,” ती म्हणाली.

पास नव्हता. माणसानं गुपचूप तिकीट घेतलं. त्याच्या मागचे आणखी दोघं आपणहून खिशात हात घालू लागले.

दुसऱ्या दिवशी हबीबनं चामड्याची पिशवी तिच्या गळ्यात घातली. वर ऐटीत बजावलंही, “बाई, माझा बाप आला तरी सोडायचा नाही.”

“भिया, मंग मागून बोलू नका,” तांड्यावर भावाला म्हणतात तसं ती म्हणाली.

महिन्याभरात गाडी आपल्या पायावर उभी राहिली. हबीबला वाटलं, हे आपल्याच डोक्यानं झालं. म्हणून त्यानं वामनरावांना आणि पालिकेच्या दोन साहेबांना सेवा दाखवायला बोलावलं. सफारी घालून, अत्तर लावून तो त्यांच्यासोबत दवाखान्याच्या थांब्यावर चढला.

“तिकीट,” बिजलीबाई म्हणाली.

साहेबांनी घेतलं. हबीब हसला. “अवो बाई, मी मालक.”

“मालक गाडीचे. सीट तिकिटाची आहे.”

त्यानं खिसे चाचपले. पाकीट रोजच्या सदऱ्यात राहिलं होतं. वामनरावांना त्याच क्षणी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. बिजलीबाईनं घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली. मालक कापूस बाजारासमोर, भर उन्हात उतरले.

सुरुवातीला त्याला असा राग आला, की तिला आजच काढायचं ठरवून तो चालू लागला. घामानं अत्तर नाकात जाऊ लागलं. तलावापाशी पोहोचेस्तोवर त्याला स्वतःचंच वाक्य आठवलं. बापालाही सोडू नको म्हणायचं आणि आपल्याला सोडलं नाही म्हणून बाईला काढायचं, तर लोक काय म्हणतील? आणि मुख्य म्हणजे, जे म्हणतील ते खरं असेल. घरी जमिलाला बातमी आधीच पोचली होती. पाण्याचा गिलास देताना तिचा हात हसण्यानं हलत होता. मग हबीबही हसला. पाणी अर्धं सफारीवर सांडलं.

तीन वर्षांनी पालिकेनं नव्या गाड्यांसह ठेका बाहेरच्या एका मोठ्या कंपनीला दिला. त्यांना कंडक्टर दहावी पास हवा होता; बिजलीबाई तेवढी शिकलेली नव्हती. हबीब त्यांच्या साहेबासमोर जाऊन बसला. रस्त्यात त्यानं भलंमोठं भाषण जुळवलं होतं. तिथं त्यातलं एक वाक्यही निघेना.

“मले बस चालवता येत नव्हती,” तो शेवटी म्हणाला. “बाईनं चालवली. तिले ठेवा.”

साहेबानं आधी नाही म्हटलं, आणि आठ दिवसांत तिला बोलावून घेतलं. नव्या पोरांना प्रवाशांपुढं बोलायचं धाडस होत नव्हतं म्हणे.

हबीब पुन्हा गॅरेजात आला. नव्या गाडीची पहिली फेरी समोरून गेली, तेव्हा गाडीच्या पायरीवर उभ्या बिजलीबाईनं ओरडून विचारलं, “भिया, धंदा कसा आहे?”

“चालून राह्यला!” तो ओरडला.

चालत काहीच नव्हतं. पण दुपारी मुकुटबनकडचा एक ट्रॅक्टर आला, आणि हबीब सतरंजी टाकून त्याच्याखाली सरकला.