भुवयांची चाचणी
आज स्पिरिटची बाटली उघडली आणि त्या वासाबरोबर कांजूरमार्गच्या आमच्या जुन्या लॅबमधली ती सकाळ आठवली. अतिसंवाहक, म्हणजे वीज जराही न अडवणाऱ्या, तारेचा पाया म्हणजे निकेलची बोटभर रुंद पट्टी. ती रोलरखाली पातळ करायची, घासून, स्पिरिटने पुसून आरशासारखी करायची, मग भट्टीत तापवायची, म्हणजे धातूचे कण एका दिशेने लागतात. भट्टीआधी तपासायला यंत्र होतं, पण माझी आणि माझ्या कामातल्या जोडीदारणीची चाचणी साधी होती: पट्टीत आपल्या भुवयांचा केस न् केस दिसला की पट्टी पास. केमोनंतर ती पहिल्यांदा कामावर आली, तेव्हा तिने सवयीने पट्टी डोळ्यांसमोर धरली आणि तशीच थांबली. "वाट लागली गं," ती म्हणाली, "भुवयाच नाहीत. आता पट्टी नापास की मी?" मला रडणंबिडणं जमत नाही. मी गाल तिच्या गालाला टेकवला. "माझ्या बघ ना. नुसतं आरेचं जंगल आहे." ती इतकी हसली की हातातली पट्टी थरथरली. "चालतील," ती म्हणाली, "माझ्या येईपर्यंत." त्या आल्याच नाहीत; दिवाळीआधी ती गेली. आजही पट्टी बघताना मी मान जरा डावीकडे घेते आणि उजवीकडे एका चेहऱ्यापुरती जागा रिकामी राहते.