चांदाची तारीख गुणिले तीन, भागिले चार

आमच्या ह्यांना सुट्टीची भीती वाटायची. कामाची कधीच वाटली नाही. दुबईच्या खाडीवर एका जहाज कंपनीत हे टायपिंग क्लार्क होते, आणि भर उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात उभं राहून मालाच्या याद्या करताना ह्यांनी कधी हूं की चूं केलं नाही. पण त्या वर्षी साहेबानं ईदची पाच दिवसांची रजा दिली, वर स्वतःची लँडरोव्हर आणि ड्रायव्हरही दिला, "फुजैरा साइडला जाऊन ये, एन्जॉय" म्हणाला, आणि ह्यांची झोप उडाली.

दोन दिवसांत ह्यांनी ऑफिसच्या मशीनवर एक यादी टाइप केली. कार्बन लावून, तीन प्रती. एक मला, एक ड्रायव्हरला, एक स्वतःच्या खिशात. ड्रायव्हर बलुची होता, त्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. त्यानं कागद कपाळाला लावला आणि घडी करून थर्मासच्या बुडाखाली ठेवला, म्हणजे चहा हलायला नको.

यादीचं नाव 'सेफ्टी'. कलमं बावीस. पाणी उकळूनच प्यायचं. कागदपत्रं उशीच्या अभ्र्यात. सोनं अंगावर घालायचं नाही. जेवल्यावर दोन तास समुद्राकडे फिरकायचं नाही. उथळ पाण्यात पाय उचलून टाकायचा नाही, घसटत न्यायचा, कारण वाळूत पाकट मासा लपलेला असतो आणि त्याचा काटा लागला तर माणूस गडाबडा लोळतो. हे शेवटचं मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी रत्नागिरीकडच्या खाडीकाठची पोरगी, हेही पलीकडच्या काठचे. पण ह्यांना कागदावर आलेलंच खरं वाटायचं. सतरावं कलम होतं, 'भरती-ओहोटीची वेळ मी स्वतः काढीन.' त्याच्याखाली दोनदा रेघ मारलेली.

आम्ही निघालो तेव्हा आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मुलगी चार वर्षांची होती. ईद त्या वर्षी थंडीत आली होती, हवा गोड होती. सकाळची नमाज झाल्यावर निघालो. पक्का रस्ता नव्हताच. डोंगरातल्या कोरड्या ओढ्यांमधून गोटे उडवत गाडी चालायची. पोटातली शेवई घशाशी येत होती. हे पुढच्या सीटवर दांडा धरून दर मैलाला "स्लो, भाई, स्लो" म्हणत होते आणि ड्रायव्हर दर वेळी "इन्शाल्ला" म्हणून तसाच चालवत होता. दिवस मावळताना डोंगर संपले आणि समोर समुद्र आला. मी इतकी वर्षं खाडीच बघत होते. हा मात्र उघडा, निळा, आपल्याकडच्यासारखा लाटांचा समुद्र. मला रडूच आलं, आणि ते लपवायला मी मुलीला उगाचच ओरडले.

ड्रायव्हरच्या ओळखीनं गावाबाहेर झावळ्यांचं एक घर मिळालं. शेजारी एक म्हातारा कोळी राहायचा. त्याची होडीसुद्धा झावळ्यांचीच होती. देठ दोरीनं आवळून बांधलेले, तळातून पाणी आत यायचं आणि तसंच बाहेर जायचं, तरी बुडायची नाही. आमच्या ह्यांनी ती लांबून पाहिली आणि लगेच पेन काढून यादीत तेविसावं कलम घातलं, की स्थानिक होडीत बसू नये.

किनाऱ्यापासून दोनेकशे पावलांवर एक खडकाळ बेट होतं. बेट म्हणायचं म्हणून, चारपाच घरं मावतील एवढंच. ओहोटीला किनाऱ्यापासून तिथवर वाळूचा दांडा उघडा पडायचा आणि चालत जाता यायचं. मुलीनं सकाळी उठल्याउठल्या बेटाचा हट्ट धरला.

आता ह्यांचं गणित सांगायला हवं. कोकणातल्या कुठल्याही खारव्याच्या घरात ते पोरांना पाढ्यांबरोबर येतं. चांदाची तारीख घ्यायची, त्यात एक मिळवायचा, तीननं गुणायचं, चारनं भागायचं. येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. ह्यांचे वडील तांडेल होते, मचवा चालवायचे, आणि हे गणित ह्यांना त्यांच्याकडून मिळालेलं. आमच्या गावाला ते मिनिटानंही चुकायचं नाही.

"ईदचा दुसरा दिवस, म्हणजे चांदाची दोन," हे बोटांवर मोजत म्हणाले. "दोन अधिक एक, तीन. तीन त्रिक नऊ. भागिले चार, सव्वादोन. भरती दुपारी सव्वादोनला. म्हणजे सुकती सव्वाआठला. आत्ता आठ वाजलेत. अजून पाणी उतरतंय. एकदम परफेक्ट टाइम."

दांड्यावर घोट्याएवढं पाणी होतं. म्हातारा जाळं घेऊन बसला होता. त्यानं आम्हाला बघितलं आणि हात पालथा करून वर वर नेत काहीतरी बोलला.

ड्रायव्हर म्हणाला, "साब, बाबा बोलता है पानी आ रहा है."

"आ नहीं रहा, जा रहा है," हे हसून म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "बिचाऱ्यांना हिशोब कुठून माहीत असणार?"

आणि मी, खाडीकाठची शहाणी, मीही हसले. म्हाताऱ्याचं ऐकावं हे माझ्या मनात आलंच नाही. माझ्या माहेरीही हेच गणित होतं ना! समुद्र बदलला की घड्याळही बदलतं, त्या किनाऱ्यावर भरती दोन तास आधी येते, हे आम्हा दोघांच्या सात पिढ्यांत कोणाला कळायचं कारणच पडलं नव्हतं.

बेटावर मजा आली, खोटं कशाला बोलू. शिंपले, खेकडे, खडकाच्या खाचेत एक निळा मासा. मुलगी इकडून तिकडे पळत होती. सव्वानऊच्या सुमाराला मी मान वर केली तर दांडा दिसेना.

"अहो."

ह्यांनी पाहिलं. मग घड्याळ पाहिलं. मग पुन्हा पाणी. "आत्ता फार तर घोट्याला असायला हवं," म्हणाले. "चल, वरून वाटतं तेवढं नसेल."

ह्यांनी मुलीला खांद्यावर घेतलं आणि पाण्यात उतरले, मागे मी. वीस पावलांत पाणी माझ्या कमरेला आलं. तीस पावलांत छातीला. आणि पाणी नुसतं उभं नव्हतं, बाजूनं ढकलत होतं, पायाखालची वाळू काढून नेत होतं. हे अडखळले. एक क्षण हे दिसेनासे झाले, पाण्यावर फक्त मुलगी आणि तिला वर धरलेले दोन हात. तिला खेळच वाटला, ती खिदळली. हे खोकत वर आले आणि पुन्हा पुढेच पाऊल टाकायला लागले.

"मागे फिरा!" मी ओरडले. लग्नानंतर ह्यांच्यावर आवाज चढवायची ती माझी पहिली वेळ. "गणित गेलं खड्ड्यात! माझी पोरगी घेऊन मागे फिरा!"

हे फिरले. खडकावर चढलो. ह्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, "इथंच बसू. भरती उतरेपर्यंत बसू. आणि खडक बुडायला लागला तर तुम्ही तिला घेऊन पोहत जा, माझं मी बघते."

हे मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत खाली बघून म्हणाले, "मला पोहता येत नाही."

तांडेलाचा मुलगा! सहा वर्षं संसार केला आणि मला हे माहीत नव्हतं. मग ह्यांनी सांगितलं. थोरला भाऊ बुडाला तेव्हा हे सात वर्षांचे होते. त्यानंतर वडिलांनी ह्यांना पाण्यात घोटाही बुडवू दिला नाही. फक्त गणित पाठ करून घेतलं, पाणी कधी येतं ते कळावं आणि पोरगा त्या वेळी लांब राहावा म्हणून. मला इतका राग आला होता की ह्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं, आणि तेवढ्यातच ह्यांचं डोकं छातीशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. मुलीचा ओला फ्रॉक पिळत बसले.

म्हातारा आला. ती झावळ्यांची होडी वल्हवत, पाण्यात अर्धी बुडालेली, सावकाश. खडकाला टेकवून त्यानं बोटं दाखवली, दोनच. मुलीकडे आणि माझ्याकडे. "यल्ला," म्हणजे चला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मुलीला उचलून त्या परक्या माणसाच्या हातात दिलं. ज्या माणसाला सकाळी हसलो होतो, त्याच्या हातात. होडीत कमरेपर्यंत पाणी होतं आणि मी मुलीला इतकी घट्ट धरली होती की ती "अम्मी, दुखतंय" म्हणाली. किनाऱ्यावर उतरून मागे पाहिलं तर हे खडकावर उभे, चपला हातात, आणि पाणी बेटाच्या कडेनं चढत चाललेलं. म्हाताऱ्याला तिकडे पोचायला पुन्हा पंधरा मिनिटं लागली. त्या पंधरा मिनिटांत मी अल्लाला जे जे कबूल केलं, ते आजपर्यंत पुरं झालेलं नाही.

हे उतरले ते गुडघ्यावरच बसले. म्हाताऱ्यानं ह्यांना खजूर दिला, कॉफी दिली, एक शब्द टोचून बोलला नाही. ड्रायव्हरच बोलला. "साब, खलास. अब घर में बैठो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर हे अंथरुणात नव्हते. मुलीला कडेवर घेऊन धावत किनाऱ्यावर गेले.

म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्याच्या दोन हातांवर, पोटावर आडवे, आमचे हे. चौतीस वर्षांचा, टक्कल पडायला लागलेला कंपनीचा क्लार्क, बनियन घातलेला, लुंगीचा काच्या मारलेला, हनुवटी वर धरून पाणी झोडपत होता. म्हातारा मधूनच एक हात काढून घ्यायचा, हे बुडायचे, नाकातोंडातून पाणी काढत वर यायचे आणि पुन्हा त्याच्या हातावर जाऊन पडायचे. मुलगी काठावरून टाळ्या पिटत ओरडली, "अब्बा, पाय मारा, पाय!"

ह्यांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. लाजले. पण बाहेर आले नाहीत.