मामांच्या घरातल्या आठ काड्या

यादी केल्याशिवाय मला सुचत नाही. बाजाराची, औषधांची, लग्नाला जाताना बॅगेत काय भरायचं त्याची, सगळ्याच्या याद्या माझ्या फोनमध्ये असतात. त्यामुळे मामी गेल्यावर मामांच्या घरी झाडलोटीला बाई शोधायचं काम भावंडांनी माझ्यावर टाकलं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. मला तर बरंच वाटलं होतं.

मामा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता ऐंशीच्या पुढचे. मूलबाळ नाही. औंधच्या अलीकडे एका गावात तीन खोल्यांचं घर. मी सांगलीला. दर पंधरा दिवसांनी रविवारी मी विट्यावरून जायची, घरभर फिरून पाहणी करायची आणि संध्याकाळी परतायची.

पहिली बाई महिनाभर टिकली. मी फ्रिजवर वारांप्रमाणे कामांची यादी चिकटवली होती. "मला वाचाय येत न्हाई," ती म्हणाली, "आन् येत असतं तर हितं कशाला आले असते?" दुसऱ्या बाईकडून मी रोज पुसलेल्या फरशीचा फोटो मागवायची. पाचव्या दिवशी फोटो आला तो कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या झाडूचा. त्यानंतर ती आली नाही.

तेव्हा मी मामांना स्पष्ट सांगितलं, "आता ही तिसरी आणि शेवटची. ती टिकली नाही तर घर बंद करायचं आणि तुम्ही सांगलीला यायचं."

मामा बूट पॉलिश करत होते. रोज सकाळी बूट घालून ते मारुतीच्या पारापर्यंत जातात आणि येतात. ब्रश न थांबवता म्हणाले, "सांगलीत मला कोण वळकतंय गं?"

उत्तराची गरज आहे असं मला वाटलंच नाही.

तिसरी बाई गाद्यांचा कापूस पिंजणाऱ्यांच्या घरातली, पंचेचाळिशीची. मी तिला नऊ प्रश्न विचारले. तिनं सगळ्यांची उत्तरं दिली आणि एकच उलट विचारला, "ताई, तुमी रोज हितं असता का?"

"नाही. पंधरा दिवसांनी येते."

"मग जमंल."

मामा मोठ्यांदा हसले. मला ते लागलं. म्हणूनच की काय, मला माझ्या सासूबाईंची एक जुनी युक्ती आठवली. नव्या बाईचं काम खरं की वरवरचं हे बघायला त्या कानाकोपऱ्यात आगपेटीच्या काड्या टाकून ठेवायच्या. केर नीट निघाला की काडी जाते. मामा पाराकडे गेले तेव्हा मी आठ काड्या ठेवल्या. पडवीत, माठामागे, सिलिंडरमागे, टीव्हीच्या टेबलाखाली, कपाटाच्या फटीत, न्हाणीच्या दाराशी, पलंगाखाली आणि मामांच्या काळ्या ट्रंकेमागे. फोनमध्ये लिहून ठेवलं आणि निघाले.

पंधरा दिवसांनी गेले तेव्हा मामा पुन्हा पारावर होते. मी फोन काढून एकेक जागा बघत गेले. पडवी, टिक. माठ, टिक. पलंगाखाली टॉर्च मारला, काडी नाही. ट्रंकेमागची तेवढी राहिली. तिथं गुडघ्यावर बसून वाकायला हवं होतं आणि एसटीत बसून माझी कंबर धरली होती. सात गेल्या म्हणजे आठवीही गेली असणार. टिक.

तेवढ्यात मामा आले, लंगडत. गुडघ्याला पट्टी.

"न्हाणीत घसरलो," ते म्हणाले.

मी त्यांना रागावले, रबरी चटई यादीत लिहिली आणि मागच्या दारी गेले. बाई भांडी घासत होती. एवढ्या वर्षांत मी कुणाही बाईचं कौतुक केलेलं नव्हतं. त्या दिवशी केलं.

"काम चोख आहे तुमचं. पलंगाखालीसुद्धा स्वच्छ."

तिनं पातेलं खाली ठेवलं. "पलंगाखाली मी न्हाई झाडलं, ताई. माजी लेक बाळंत झाली आटपाडीला. आठ दिस मी न्हवतेच. आबांनीच धाडलं. म्हनले, जा, हितलं मी बघतो."

मामांना ती आबा म्हणायची.

"जायच्या आदी पडवीत काडी घावली. केरात टाकाय लागले तर आबा म्हनले, थांब. हातात घिऊन बघितली, गुल तसाच, जळल्याला न्हाई. म्हनले, ही आमच्या भाचीनं ठिवलीया, आजून असत्याल. मी गेले आन् आबा रोज काठी घिऊन हुडकत बसलं. पलंगाखालची काढाय आडवं झालं, ते उठताच येईना. दूधवाला आला तवा त्यानं वढून काढलं."

"मला कळवायचं नाही का?"

"कळवलं असतं तर बाई न्हाई म्हनून तुमी त्यास्नी सांगलीला न्हेलं असतं." आणि तिनं पातेलं पुन्हा उचललं.

मी आत आले. मामा पलंगावर बसले होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक आगपेटी काढून माझ्यापुढे ठेवली.

"आमच्याकडं बी साहेब याचा तपासनीला," ते म्हणाले. "पांढरा हातमोजा घालून खिडकीवर बोट फिरवायचा. लय कडक. पर आदी वर्दी देऊन याचा. समोरनं."

मी आगपेटी उघडली. आत माझ्याच काड्या.

"किती ठिवल्या हुत्यास?"

"आठ."

"मला सातच घावल्या." त्यांचा आवाज बदलला. टोमणा मारणाऱ्या माणसाचा तो आवाज नव्हता, काम अर्धवट राहिलेल्या माणसाचा होता. ऐंशी ओलांडलेला हा माणूस मला भीत होता. "आठवीचं त्या बाईला काय बोलू नगं. ती माजी ऱ्हायली. तिचं काम चांगलं हाय, बघ."

माझ्या फोनमध्ये आठव्या काडीपुढे टिक होती. मी फोन पर्समध्ये टाकला, पदर खोचला आणि ट्रंकेशेजारी आधी गुडघ्यांवर बसले, मग पोटावर आडवी झाले. भिंत आणि ट्रंक यांच्यामध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट. आत जळमटं, धूळ, आणि अगदी मागे मी ठेवली होती तशीच ती काडी. गुल भिंतीकडे.

दारातून बाईचा आवाज आला. "कंबर संबाळा, ताई. दूधवाला आता उद्या सकाळीच येतोय."

मामा हसले. तीही हसली. काडी माझ्या बोटांना लागली होती, तरी मी थोडा वेळ तशीच पडून राहिले. बाहेर आल्यावर त्या दोघांकडे बघावं लागणार होतं.